लग्नाचं डुक्कर आणि माझी सुई

आमच्या पाटणकडची माणसं मुंबईला जाऊन आली की समुद्राचं सांगतात, मॉलमधल्या सरकत्या जिन्याचं सांगतात, कुणा नटाच्या बंगल्याचं बंद फाटक बघितलं तर तेही कौतुकानं सांगतात. मी यातलं काही बघितलं नाही. मी आठवडाभर मुंबईत राहिले आणि डुकरं बघून आले. घरी हे सांगितल्यावर सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली, "त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्या ओढ्याला कमी आहेत का?" असं विचारलं आणि पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

मी जनावरांची डॉक्टर. पाटण खोऱ्यातल्या म्हशी, गाई, शेळ्या आणि त्यांचे मालक यांच्यात माझी हयात चालली आहे. भागात मला 'बोकड वाचवणाऱ्या बाई' म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नाही. जनावराला औषध टोचलं की ते काही काळ त्याच्या दुधात नि मांसात राहतं. तो काळ संपेपर्यंत दूध विकायचं नाही आणि जनावर कापायचं नाही, ही आमच्या धंद्यातली साधी शिस्त. ती मी कुणाला मोडू देत नाही. त्यामुळे जत्रेच्या तोंडावर बोकडाला हगवण लागली तरी लोक मला पत्ता लागू देत नाहीत. बाईंनी सुई दिली की जत्रेला वांग्याची भाजी, हे सगळ्यांना पाठ आहे. एका घरी मी चहाला गेले तर बोकड घोंगड्याखाली झाकून ठेवलेला. तो आतून खोकला, आणि घरातली सगळी माणसं एकदम खोकायला लागली.

तर यंदा पावसाळ्याआधीच्या लसी उरकल्या आणि फिलूचा फोन आला. फिलू म्हणजे डॉक्टर फिलोमिना, कॉलेजच्या हॉस्टेलातली माझी रूममेट. तिचा दवाखाना बोरिवलीत आहे आणि माहेर खाडीपलीकडे, गोराईच्या बाजूच्या एका जुन्या गावठाणात. तिथली ही ख्रिस्ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी, भात पिकवणारी, मासे मारणारी आणि अंगणात डुकरं-बदकं पाळणारी.

"वैशे, जेनेटचं लग्न आहे गं, रविवारी. तू यायचंस," ती म्हणाली. जेनेट तिची धाकटी बहीण. "आणि चार दिवस आधी ये. गावातली डुकरं टोचायचीत, मला एकटीला झेपत नाही यार."

लग्नाचं असं आमंत्रण मला आयुष्यात पहिल्यांदा आलं. मी लगेच हो म्हटलं.

बोरिवली

फिलूच्या दवाखान्यात मी एक पूर्ण दिवस नुसती बसून होते, आणि माझी फुकट करमणूक झाली. आमच्याकडे पेशंटचं नाव विचारलं तर मालक म्हणतो, "नाव कसलं, म्हस हाय." इथे कुत्र्याला आडनावसुद्धा असतं. फिलूनं हाक मारली, "ब्रूनो शहा!" आणि एक गलेलठ्ठ लॅब्रॅडॉर आपल्या आईचा हात धरल्यासारखा आत आला. आई म्हणजे शहाबाई. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, की घरच्यांसारखाच ब्रूनोही कांदा-लसूण खात नाही. फिलू म्हणाली, "फारच छान, कुत्र्यांनी खाऊच नये ते, विषारी असतं त्यांना." शहाबाईंचा चेहरा असा उजळला, की सगळा धर्म शास्त्रानं सिद्ध झाल्यासारखं त्यांना वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी लस आणायला आम्ही अंधेरीला गेलो. औषधांच्या घाऊक दुकानातून बाटल्या घेतल्या आणि बर्फाच्या पेटीत भरल्या. लस कारखान्यातून निघाल्यापासून जनावराच्या मानेत जाईपर्यंत गार राहिली पाहिजे, वाटेत तापली की नुसतं पाणी. मे महिन्यात, अंधेरीच्या रस्त्यावर, ती गार ठेवणं म्हणजे काय असतं ते तिथेच कळतं. रिक्षा सिग्नलला अडकली की फिलू पेटीवर स्वतःची ओढणी टाकायची आणि स्वतः उन्हात भाजायची.

रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "मॅडम, आइस्क्रीम है क्या?"

"नाही, डुकरांची लस आहे," मी म्हटलं.

त्यानं आरसा दुसरीकडे फिरवला आणि रिक्षा अशी हाणली की आम्ही वेळेच्या आधी बोरिवलीत पोचलो. माणसाला घाबरवल्यावर काम लवकर होतं, हा माझा अनुभव मुंबईतही खरा ठरला.

खाडीपलीकडे

गोराईला जायला बोरिवलीच्या बाजूनं होडी आहे. पाच-दहा मिनिटांचा प्रवास, पण होडीत माणसं, स्कूटर, भाजीच्या पाट्या, एक सायकल आणि आमची पेटी असं सगळं चढलं. मागे वळून बघितलं तर उंच इमारतींची रांग, पुढे तिवरांची हिरवी झाडी, आणि मधल्या चिखलात बगळे. आमच्या कोयनेच्या पाण्याला वास नसतो. या खाडीला आहे, आणि तो पलीकडे उतरेपर्यंत आपल्या कपड्यांचा झालेला असतो.

शेजारी रिकाम्या टोपल्या घेऊन परतणारी एक कोळीण बसली होती. तिनं पेटीवर हात ठेवला. "काय हाय गो, कोलंबी?"

"लस आहे."

"मंग बरफ कमी हाय तुझा," ती म्हणाली, आणि आपल्या टोपलीतल्या उरलेल्या बर्फाच्या दोन मुठी काढून आमच्या पेटीत घातल्या. लशीला बोंबलांचा वास लागला. डुकरांची काही तक्रार आली नाही.

फिलूच्या आईला मी एमिलीमावशी म्हणते. ठेंगणी, काटक बाई, लुगडं घट्ट नेसलेलं, आवाज चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. मी उंबऱ्यात पाय ठेवताच म्हणाल्या, "आयलीस गो बाय? किती वाळलीस! बस, जेव." माझं वजन फिलूच्या दवाखान्यातल्या काट्यावर आदल्याच दिवशी बघितलं होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तरीही बसले. तांदळाच्या पिठाचे पातळ चिटाप आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी किती खाल्ले ते सांगत नाही.

जेवताना मावशींनी मला लग्नाचं सगळं सांगितलं, आणि त्यात निम्मं डुकराचं होतं. हे डुक्कर त्यांनी वर्षभर या लग्नासाठी पोसलं होतं. रोज स्वतःच्या हातानं भाताची पेज, भोपळा, केळीचे खुंट. या लोकांत लग्नाच्या पंगतीला सोरपोतेल हवंच. डुकराचं मांस आणि काळीज बारीक चिरून मसाल्यात आणि शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, मुरवतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खातात. नवऱ्याकडचे वसईहून येणार, त्यांच्याकडे म्हणे फार नावं ठेवतात. आणि आणखी एक दुखणं होतं. फिलूनं कोर्टात लग्न केलं होतं. गावाला जेवण नाही, बँड नाही, काही नाही. गाव ते अजून विसरलं नव्हतं.

"बापूस असता तर गोष्ट वेगळी," मावशी म्हणाल्या. फिलूचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. "आता ह्या एकाच लग्नात मना गावाची तोंडं बंद करायचीत. आमच्या घरचाच डुक्कर, आमच्याच हातचा मसाला. दुकानातला मटण मी लग्नात वाढायची नाय. त्यानं काय खाल्लं, त्याला काय टोचलं, कोणाला ठाऊक?"

मी मनापासून मान डोलावली. इतकी समजूतदार बाई आमच्या पाटणात एकही नाही, असं मला तेव्हा वाटलं.

वरची आळी

डुकरं टोचण्याचा माझा अनुभव म्हणाल तर कॉलेजात परीक्षेपुरतं एक डुक्कर बघितलं होतं, आणि तेही परीक्षकांच्या बाजूनं होतं. म्हशीला तुम्ही सुई देता तेव्हा ती फार तर लाथ मारते. डुक्कर लाथ मारत नाही. ते ओरडतं. असं ओरडतं की शेजारच्या आळीतली माणसं पोलिसांना फोन करायचा विचार करतात. कानामागे नुसता हात लावला तरी ते जगाला साक्षीला बोलावतं, आणि सुई टोचून झाली की दुसऱ्या क्षणी केळीचं साल चघळत शांत उभं.

फिलूनं काम वाटून घेतलं. खालची आळी तिची, वरची माझी. सगळ्यांना स्वाइन फिव्हरची लस. शिवाय गावात खरूज पसरली होती, डुकरं भिंतीला अंग घासून घासून लाल झालेली, म्हणून सगळ्यांना आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. या इंजेक्शननंतर चार आठवडे डुक्कर कापायचं नाही, ते बाटलीवरच लिहिलेलं आहे. निघताना फिलूनं बजावलं, "आणि आमच्या घरचं डुक्कर सोडून हां. ते लग्नाचं."

"मला शिकवतेस?" मी म्हटलं. आणि त्या घराकडे मी दिवसभर फिरकलेही नाही.

वरच्या आळीत विन्सेंटकाकांचं घर. काका मावशींचे शेजारी, साठीच्या पुढचे, चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणारे, एकदम झकास माणूस. त्यांनी डुकरं धरायला स्वतः कंबर कसली, आणि प्रत्येक सुईच्या वेळी डोळे घट्ट मिटून घेतले. त्यांच्या खोपट्यात चार डुकरं होती. चौथं जरा जास्तच गुबगुबीत होतं.

"ह्याला पण द्या डॉक्टर," काका म्हणाले. "लय खाजवतोय बिचारा."

दिलं. काकांनी त्याला कुरवाळलं. मला कालवण-भात खाऊ घातला. फार छान दिवस गेला.

संध्याकाळी मावशींच्या अंगणात चहाला बसलो. अंगणात मांडववाले बांबू पुरत होते, आणि डुकराचं खोपटं मोकळं दिसत होतं. मावशींनी चहात पाव बुडवत विचारलं, "विन्सेंटकडे आमचा डुक्कर बघितलास का गो बाय? कसला भरलाय ना?"

मी चहा गिळला. "तुमचा?"

"मांडव घालायचा म्हणून सकाळीच तिकडे नेऊन ठेवला. विन्सेंट म्हणाला, ठेव, मी बघतो."

टेबलाखाली फिलूनं माझ्या पायावर पाय दिला, आणि तो काढलाच नाही.

रात्री दोघी गच्चीवर बसलो तेव्हा फिलूनं कपाळावर हात मारून घेतला. "वाट लागली वैशे. पुरती वाट लागली." विन्सेंटकाकांनी तरी का द्यायला लावलं असेल? तर फिलूला लगेच कळलं. तिच्या गावात दुसऱ्याची ठेव नुसती सांभाळून परत देत नाहीत, जशी आली त्यापेक्षा बरी करून देतात. कोणी कोंबडी ठेवायला दिली तर तिला दाणे जास्त घालतात. काकांनी शेजारणीच्या डुकराची खाज घालवली. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी आहेर केला होता.

"ऐक ना," फिलू जरा वेळानं हळूच म्हणाली, "कुणाला कळणार आहे? मरणार तर कोणी नाही."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघेना. हीच फिलू हॉस्टेलात मेसच्या दुधाला नाक लावून "गोठ्यात औषध चाललंय" असं ओरडून सगळ्यांचा चहा बंद पाडायची.

"तुझ्या पंगतीत तुझी गरोदर चुलत वहिनी बसणार आहे," मी म्हटलं. "पोरंटोरं बसणार आहेत. आणि मी पाटणात काय तोंडानं फिरू?"

"पाटणात कोण सांगणार आहे?"

"मी आहे ना तिथे," मी म्हटलं. ती हसली नाही, पण तिनं पुढे वाद घातला नाही. मला मात्र झोप आली नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून आले होते, चिटाप खाऊन बसले होते, आणि त्या बाईचं वर्षभराचं स्वप्न एका सुईत संपवलं होतं. फार वाईट वाटत होतं.

फुगे

सकाळी मावशी स्वयंपाकघरात फुगे तळत होत्या. आंबवलेलं पीठ मुठीत घ्यायचं, अंगठ्याच्या बाजूनं त्याचा गोळा बाहेर काढायचा आणि तेलात सोडायचा, की तो टम्म फुगतो. मी त्यांच्या शेजारी पाटावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. एका दमात. फिलू दारात उभी राहून मेथी निवडत होती. मेथी आधीच निवडलेली होती.

मावशींची मूठ तेलावर तशीच राहिली.

"शिजवल्यावर जात नाय?"

"नाही मावशी. भरवसा नाही."

"किती दिस?"

"चार आठवडे."

"लग्न रविवारी हाय," त्या म्हणाल्या, जणू मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी मुठीतला गोळा तेलात सोडला, तो फुगलेला बघितला, काढला, आणि माझ्या ताटलीत ठेवला. त्यानंतर दुपारपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पण वाढत होत्या. फुगे, मग भात, मग तळलेले बोंबील, मग परत फुगे. आमच्याकडे कुणावर राग आला तर ताट मागे ओढतात. एमिलीमावशींचा राग ताटात येत होता, आणि नको म्हणायची माझी छाती नव्हती.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. सगळ्यात आधी विन्सेंटकाका आले, टोपी हातात घेऊन, डोळे लाल. "एमिली, माझा घे. माझा मोठा घे. फुकट."

मावशींनी नुसता झारा माझ्या दिशेनं केला. मी खाली मान घालून म्हटलं, "काका, त्यालाही मीच दिलंय."

मग खालच्या आळीतली एक बाई आली, तिचं घे म्हणाली. त्याला फिलूनं दिलं होतं. मग आणखी एक जण आला. मग आणखी एक. प्रत्येकाला मी तेच सांगत होते, आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा बारीक होत होता. आम्ही दोघींनी एका दिवसात गावातलं एकही डुक्कर लग्नाच्या कामाचं ठेवलं नव्हतं. इतकं चोख लसीकरण माझ्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्याचा पश्चात्ताप होत होता.

कोणीतरी म्हणालं, बोरिवलीच्या बाजारातून आणा, कुणाला कळतंय.

"दुकानातला?" मावशी उसळल्या. "त्याला काय टोचलंय ते मना कोण सांगणार, तुझा बापूस?" आणि बोलता बोलता त्यांनी स्वतःच्याच तोंडावर पदर धरला. बराच वेळ त्या मोकळ्या खोपट्याकडे बघत राहिल्या. कधी गप्प बसायचं हे मला सहसा कळत नाही, पण त्या वेळी कळलं.

बदकं

शेवटी बदकांवर ठरलं. बदकाची मोईली हीसुद्धा त्यांच्या लग्नातली मानाची चीज, नारळाच्या दुधातली, बाटली मसाल्याची. तो मसाला उन्हाळ्यात कुटून काळ्या बाटल्यांत ठासून भरतात आणि वर्षभर पुरवतात. प्रत्येक घरची कृती वेगळी, आणि शेजारणीला विचारलं तर एक जिन्नस हमखास सांगायचा राहतो.

एका घरात पंगतीपुरती बदकं कुठून असणार? तेव्हा दर घरातून एक किंवा दोन. गाव देतो म्हणालं, पण एका अटीवर, आणि ती अट माझ्याबद्दल होती. मला बदकांजवळ जाऊ द्यायचं नाही.

मी गंमत समजले. ती गंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी सहज विहिरीकडे निघाले तर एक म्हातारी बदकांचा घोळका फडक्यानं हाकत लगबगीनं घरात घेऊन गेली आणि दार लावून घेतलं. पुढच्या घरी टोपलीवर दगड ठेवला. विन्सेंटकाका, माझे विन्सेंटकाका, ज्यांनी मला कालवण-भात खाऊ घातला होता, हात पसरून वाटेत उभे राहिले. "डॉक्टर, वाईट नको वाटून घेऊस. बॅग तेवढी घरी ठेवून ये."

"बॅगेत कंगवा आहे काका!"

"असू दे," ते म्हणाले. "तुझा हात चांगला हाय, पण लय चालतो."

पाटणात माझ्यापासून बोकड लपवतात आणि गोराईला बदकं. दोन्हीकडे मला आपलेपणा वाटला हे कबूल करते. जेनेट तर हसून हसून खाली बसली. नवरी असूनही तिला डुक्कर वाचल्याचा आनंद लपवता येत नव्हता. लहानपणापासून घरातल्या प्रत्येक डुकरासाठी ती रडलेली आहे आणि प्रत्येकाचं सोरपोतेल तिनंच सगळ्यात जास्त खाल्लेलं आहे, असं फिलूनं सांगितलं.

गावात आणखी एक बोलणं उठलं होतं, की बाई पडल्या पाटणच्या, डुक्कर त्यांच्यात चालत नाही, म्हणून मुद्दाम सुई मारली. हे मात्र मला लागलं. मी डुक्कर कधी खाल्लं नव्हतं हे खरं. पण या घरचं खायचं, आणि घरी जाऊन सांगायचं नाही, असं मी येतानाच ठरवलं होतं.

रविवार

आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी झालं. बायका लुगडी नेसून, अंगावर सगळे दागिने घालून, बँड पुढे घेऊन वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीसाठी पाणी आणतात. आमच्या हळदीची आठवण झाली, फक्त आमच्याकडे ट्रम्पेट नसतं. मलाही लुगडं नेसवलं. विन्सेंटकाकांच्या घरावरून मिरवणूक गेली तेव्हा बँडच्या आवाजानं खोपट्यातलं लग्नाचं डुक्कर असं किंचाळलं, की ट्रम्पेटवाल्याचा सूर चुकला. सगळ्या बायकांनी एकदम मावशींकडे बघितलं. मावशी सरळ पुढे बघत चालत राहिल्या.

रविवारी चर्चमध्ये लग्न लागलं आणि मांडवात पंगत बसली. मोईलीचा वास खाडीपर्यंत गेला असेल. मी वाढपात होते. हातात भाताचं तपेलं होतं. वसईची मंडळी जेवत होती, बोटं चाटत होती, आणि मला वाटायला लागलं होतं की सुटलो. तेवढ्यात नवऱ्याच्या आत्यानं ताटात इकडून तिकडून बघितलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "सोरपोतेल यायचा हाय ना मागून?"

फिलूनं माझ्या हातातलं तपेलं घेतलं आणि मला मागे ओढलं.

"नाय यायचा," एमिलीमावशी म्हणाल्या. त्या मांडवाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. "डुक्कर हाय आमचा. तिकडं शेजारी हाय, जाऊन बघ, केवढा हाय. पण त्याला औषध दिलंय. मी माझ्या दारी जेवायला बोलावलेल्या माणसाला औषध वाढत नाय."

आत्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग तिनं विचारलं, "मंग कोणी सांगितला नसता तर?"

"सांगितला," मावशी म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच, फुग्यांच्या त्या सकाळपासून पहिल्यांदाच, माझ्याकडे बघितलं. "ही सांगायला आयली. पाटणहून."

आत्यानं मान हलवली आणि ताट पुढे केलं. "बदक घाल अजून," ती म्हणाली. तिच्या शेजारच्यानंही ताट पुढे केलं. विन्सेंटकाकांनी कोपऱ्यात व्हायोलिन काढलं, आणि सगळे परत बोलायला लागले. मी मागच्या दारानं बाहेर गेले आणि विहिरीशी उभी राहून मनसोक्त रडले. रडता रडता लक्षात आलं की समोर दोन बदकं उभी आहेत. कोणीतरी लपवलेलीच असणार. त्यांच्याजवळ जायचं नाही हे लक्षात ठेवून मी परत मांडवात आले.

निघताना मावशींनी बाटली मसाल्याची एक बाटली पदराखालून काढून दिली. सगळे जिन्नस सांगितले. एक राहिला असणार, कारण घरी केलेली मोईली तशी झाली नाही. सासूबाईंनी मात्र दोनदा मागून घेतली आणि ते बदक कुठून आणलं हे विचारलं नाही.

पाटण

काल दुपारी एका म्हशीच्या पोटात हात होता तेव्हा फोन वाजला. हात धुऊन परत लावला. एमिलीमावशी.

"वैशाली बाय, ते तुझे चार आठवडे संपायला आयले ना गो?"

"हो मावशी. हा आठवडा गेला की संपले. मग तुम्ही मोकळ्या."

"विन्सेंट रोज विचारतो, कधी करायचा म्हणून. गाव पण विचारतो. डुकराचा जेवण राहिलाय, तो देणं लागते मी त्यांना." मागे कुठेतरी डुक्कर ओरडत होतं आणि मावशी फोन बाजूला धरून त्याला म्हणाल्या, "थांब रे, आयली." मग परत माझ्याशी. "तू ये. संपायच्या आत ये. आणि त्याला आणखी एक सुई दे."

"का मावशी? परत खाजवतंय?"

"नाय गो," त्या म्हणाल्या. "खाजवत नाय. पण तू दे."